संग्रहालयाचा हिशेब कोणीं व कशाचा घ्यावा?

वस्तुसंग्रहालयाचें अंदाजपत्रक हा विषय वाचकांना आरंभींच रुक्ष वाटेल, हें आम्ही जाणून आहों. ताम्रपट, मूर्ति, नाणीं, चित्रें यांवर कोणीं लिहिलें तर तें आवडीनें वाचलें जाईल. परंतु त्या मूर्तींवरचें छप्पर गळतें कीं नाहीं, त्या नाण्यांची यादी कोणाजवळ आहे, आणि मंजूर झालेल्या रकमेला वर्षाच्या मध्येंच कात्री लागली तर ती प्रथम कोणत्या खर्चाला लागते, या गोष्टी कारकुनी समजून आपण सोडून देतों. आमचें म्हणणें असें कीं, संग्रहालयाचा जीव या कारकुनी गोष्टींतच असतो. आणि सुशिक्षित म्हणविणाऱ्या वर्गानें त्यांकडे पाठ फिरविली, म्हणूनच संग्रहालयांच्या दारांत आज दोन प्रकारचे लोक निर्धास्तपणें शिरूं शकतात: एक खजिना लुटणारे व दुसरे हुकूम सोडणारे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना घेऊन एका सरकारी संग्रहालयांत गेलों होतों. ज्या शिल्पांसाठीं मुद्दाम गेलों, त्या दालनाला कुलूप. बाहेर पाटी: “दुरुस्तीसाठीं बंद.” आंत डोकावून पाहिलें तों नव्या दिव्यांचीं खोकीं भिंतीशीं रचून ठेविलेलीं. आम्हीं पहारेकऱ्याला विचारलें. तो म्हणाला, “साहेब, गेल्या मार्चांत दिवे आले. वायरिंगला पैसे उरले नाहींत. आतां पुढच्या मार्चांत बघायचं.” विद्यार्थी हंसले, आम्हांला हंसूं आलें नाहीं. दिवे खोक्यांत आणि मूर्ति अंधारांत, हा प्रकार एका पहारेकऱ्याच्या किंवा एका अधिकाऱ्याच्या दोषानें होत नाहीं. पैसा कोणीं द्यावा, केव्हां द्यावा व कोणत्या अटीवर द्यावा, या प्रश्नांचा विचार कोणींच केला नाहीं म्हणजे तो होतो.

हा जुना प्रसंग आतां आठवण्याचें कारण अमेरिकेंतील स्मिथ्सोनियन संस्थेविषयीं २०२५ सालीं उठलेलें वादळ. ही संस्था म्हणजे एकवीस संग्रहालयें व एक राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय यांचा प्रचंड परिवार असून तिच्या खर्चाचा सुमारें ६२ टक्के भाग अमेरिकन सरकारच्या तिजोरींतून येतो. २७ मार्च २०२५ रोजीं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं एक आज्ञापत्र काढलें. त्याचा आशय असा कीं, संस्थेच्या नियामक मंडळावर पदसिद्ध सभासद असलेल्या उपराष्ट्राध्यक्षांनीं तिच्या संग्रहालयांतून ‘अयोग्य विचारसरणी’ काढून टाकण्याचा प्रयत्न करावा, आणि राष्ट्रांत फूट पाडणाऱ्या म्हणून ठरविलेल्या प्रदर्शनांवर सरकारी पैसा खर्च होऊं नये यासाठीं काँग्रेसच्या सहकार्यानें पुढील अनुदानांवर निर्बंध घालावे. त्याच वर्षीं १२ ऑगस्टला आठ संग्रहालयांच्या भिंतींवरील मजकुरापासून शिक्षणसाहित्यापर्यंत सर्वांची तपासणी आरंभिल्याचें पत्र संस्थेच्या प्रमुखांना गेलें. आणि १२० दिवसांच्या आंत मजकुराच्या ‘दुरुस्तीला’ प्रारंभ व्हावा असें त्यांत म्हटलें होतें. आमच्या पाहण्यांतील दालनाची दुरुस्ती वर्षानुवर्षें रखडते, आणि वाक्यांच्या दुरुस्तीला मात्र चार महिने पुरतात!

या वादांत आमच्या ओळखीच्या सुशिक्षितांत दोन पक्ष पडलेले आम्हीं पाहिले. एक पक्ष म्हणतो, “ज्याचा पैसा त्याचा हुकूम. करदात्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेनें करदात्याच्या प्रतिनिधींचें ऐकलेंच पाहिजे.” दुसरा म्हणतो, “विद्येला हिशेब विचारणें हाच विद्येचा अपमान. सरकारनें पैसा द्यावा आणि बाजूला व्हावें.” आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या दोन टोकांना उभे आहेत. हिशेब घेणें आणि हुकूम करणें या भिन्न गोष्टी आहेत, हें दोघांनाहि दिसत नाहीं. पहिला हिशेबाच्या नांवाखालीं हुकूम आणूं पाहतो. दुसरा हुकुमाच्या भीतीनें हिशेबच नाकारतो. आणि गंमत अशी कीं, हे दोन्ही पक्ष खोटे आहेत याचा पुरावा स्मिथ्सोनियनच्याच इतिहासांत पडलेला आहे.

जेम्स स्मिथ्सन हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १८२९ सालीं जिनोआ येथें वारला. १८२६ च्या मृत्युपत्रांत त्यानें आपली मिळकत पुतण्याला दिली होती. परंतु पुतण्या निपुत्रिक वारल्यास ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे जावी व तिच्यांतून वॉशिंग्टन येथें ज्ञानाची वृद्धि व प्रसार करणारी संस्था निघावी, असेंहि लिहून ठेविलें होतें. या गृहस्थानें अमेरिकेंत कधीं पाऊल टाकलें नव्हतें. पुतण्या १८३५ सालीं वारला. परक्याचें दान घेणें राष्ट्राच्या प्रतिष्ठेस शोभत नाहीं, असें कॅल्हूनसारखे मुत्सद्दी म्हणत राहिले. तरी १८३६ सालीं काँग्रेसनें दान स्वीकारलें आणि १८३८ सालीं एक लाखाहून अधिक सोन्याचीं नाणीं अमेरिकेंत पोंचलीं. त्यांची किंमत पांच लाख डॉलरांवर भरली. पुढें काय झालें? सरकारी तिजोरीनें हा पैसा मुख्यतः आर्कान्सा संस्थानाच्या रोख्यांत गुंतविला, आणि त्या संस्थानानें व्याज देणें बंद केलें! संस्था जन्मास येण्यापूर्वींच तिचें मुद्दल बुडण्याच्या पंथाला लागलें. या वेळीं जॉन क्विन्सी ॲडम्स हे माजी राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचे साधे सभासद होते. या पैशांतून वेधशाळा निघावी ही त्यांची मोठी हौस. ती पुरी झाली नाहीं; तरी मुद्दल शाबूत राखण्याचा आपला आग्रह त्यांनीं सोडला नाहीं. अखेर १८४६ च्या कायद्यानें सारें मुद्दल सरकारकडे ठेव म्हणून धरून त्यावर सहा टक्के व्याज देण्याचें ठरलें. आपल्या मनासारखें झालें नाहीं तरी पैशावरची नजर हलूं दिली नाहीं, हें खरें लोकप्रतिनिधीचें लक्षण. हिशेब मागणें विद्येचा अपमान आहे, असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, असा हिशेब मागणारा माणूस नसता तर ही संस्था कागदावरच राहिली असती.

आतां दुसरी बाजू. संस्थेचे पहिले सेक्रेटरी जोसेफ हेन्री हे पदार्थविज्ञानांतील नामांकित संशोधक. मोठें संग्रहालय अंगावर घेण्यास त्यांचा विरोध होता, आणि त्याचें कारण त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष देतें. संग्रह वाढला कीं जागा, नोकर व दुरुस्ती यांचा खर्च वाढणार. स्मिथ्सनचें व्याज त्याला पुरणार नाहीं. मग दरवर्षीं काँग्रेसपुढें हात पसरावा लागणार. आणि हात पसरला कीं राजकारण संस्थेंत शिरणार, अशी ही भीति होती. १८५८ सालीं सरकारी वस्तूंचा संग्रह संस्थेकडे आला व त्याच्या संगोपनासाठीं काँग्रेसनें ४,००० डॉलर मंजूर केले. त्या चार हजारांचें आज वर्षाला एक अब्ज डॉलरांच्या घरांत जाणारें अनुदान झालें आहे. या पैशावांचून त्या संग्रहालयांचीं दारें सर्वांसाठीं विनामूल्य उघडीं राहतीं ना. म्हणून अनुदान घेतलें ही चूक झाली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हेन्रींची भीति खोटी नव्हती, हेंहि तितकेंच खरें.

हिशेबाकडे दुर्लक्ष झालें म्हणजे काय होतें, याचा धडा त्याच संस्थेनें २००७ सालीं दिला. २००० सालीं लॉरेन्स स्मॉल हे सेक्रेटरी झाले. ते विद्वानांच्या नव्हे, तर बँकांच्या व कंपन्यांच्या जगांतून आलेले. त्यांचें वार्षिक वेतन ३,३०,००० डॉलरांपासून सुरू होऊन सात वर्षांत नऊ लाखांच्या पुढें गेलें. घरखर्च व प्रवासखर्च यांच्या नोंदींतून सुमारें ९०,००० डॉलरांचा नियमबाह्य खर्च निघाल्याचें प्रसिद्ध झालें, आणि मार्च २००७ मध्यें त्यांना पायउतार व्हावें लागलें. सेनेटनें संस्थेच्या अनुदानांतील १ कोटि ७० लाख डॉलरांची वाढ रोखून धरण्याचा ठराव केला. पुढें माजी महाहिशेबतपासनीस चार्ल्स बाउशर यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीनें जो अहवाल दिला, तो प्रत्येक संस्थेच्या विश्वस्तानें वाचण्यासारखा आहे. नियामक मंडळावर देशाचे सरन्यायाधीश, उपराष्ट्राध्यक्ष, सेनेटर अशीं बडीं मंडळी. परंतु बडेपणालाच त्यांनीं देखरेख समजलें. संस्थेचा कायदेसल्लागार व अंतर्गत तपासनीस यांना मंडळापर्यंत सरळ पोंचण्याची वाटच ठेविलेली नव्हती. कुंपणच शेत खाऊं लागलें आणि राखणदार मानाच्या खुर्चींत बसून राहिले! या प्रसंगीं काँग्रेसनें पैसा अडविला, ही गोष्ट आम्हांला सर्वथैव योग्य वाटते. कारण तिनें विचारलेला प्रश्न ‘पैसा कोठें गेला?’ हा होता. ‘भिंतीवर काय लिहिलें?’ हा नव्हता.

हा दुसरा प्रश्न विचारला गेला तेव्हां काय घडलें तेंहि पाहूं. १९९५ सालीं हिरोशिमावरील बाँबहल्ल्याला पन्नास वर्षें होत होतीं. तो बाँब टाकणारें ‘इनोला गे’ हें विमान संस्थेच्या वायु व अवकाश संग्रहालयानें मांडण्याचें ठरविलें, आणि बाँबचे परिणाम व त्याच्या वापराविषयींचा वादहि सोबत मांडण्याचा बेत केला. माजी सैनिकांच्या संघटना संतापल्या. सप्टेंबर १९९४ मध्यें सेनेटनें निषेधाचा ठराव केला. जानेवारी १९९५ मध्यें तें प्रदर्शन रद्द झालें आणि मे महिन्यांत संग्रहालयाच्या संचालकांनीं राजीनामा दिला. विमानाचा सांगाडा मांडला गेला. विचार मात्र उचलून ठेवला गेला. २०१० सालीं राष्ट्रीय चित्रवीथींतील एका प्रदर्शनांतून एक चित्रफीत धर्मभावना दुखावते म्हणून काढण्यांत आली, कारण काँग्रेसमधील पुढाऱ्यांनीं अनुदानाकडे बोट दाखविलें होतें. आणि ती काढली म्हणून एका कलाप्रतिष्ठानानें आपली देणगी यापुढें मिळणार नाहीं असें बजाविलें. चित्रफीत काढणें चूक होतें असें आमचें मत आहे. पण वाचकांनीं दृश्य पाहावें: एकीकडून सरकारी थैलीचा धाक, दुसरीकडून खासगी थैलीचा धाक, आणि मध्यें ज्यानें केवळ पुराव्याचा धाक धरावा तो अभिरक्षक. २०२५ च्या जुलैमध्यें राष्ट्राध्यक्षांवरील महाभियोगांसंबंधींच्या मांडणींतून चालू राष्ट्राध्यक्षांचा उल्लेख असलेला फलक नाहींसा झाला आणि ऑगस्टमध्यें सुधारून परत आला. आपल्यावर दडपण आलें नव्हतें, असें संस्थेनें सांगितलें. तें खरेंहि असेल. परंतु आज्ञापत्र डोक्यावर टांगलें असतां अशा खुलाशावर सामान्य माणूस विश्वास कसा ठेवणार? हुकुमाचें खरें नुकसान हेंच. तो अमलांत न आला तरी संग्रहालयाच्या प्रत्येक वाक्यावरचा विश्वास तो खाऊन टाकतो.

आतां अंदाजपत्रकांतील फेरफारांकडे वळूं. कारण हुकूम न सोडतांहि संग्रहालय मारतां येतें आणि त्याचा आवाजहि होत नाहीं. संग्रहालयाच्या खर्चांतील मोठा भाग वेतन, पहारा, वीज यांचा असतो. तो वर्षाच्या मध्यें कमी करतां येत नाहीं. म्हणून मंजूर रकमेला कात्री लागली कीं ती हटकून तीनचार ठिकाणींच लागते: छपराची दुरुस्ती पुढें ढकलावी, रिकाम्या जागा भरूं नयेत, सूचीचें काम थांबवावें, वस्तूंची शास्त्रीय जपणूक लांबणीवर टाकावी. यांपैकीं एकाहि गोष्टीचा परिणाम त्या वर्षीं दिसत नाहीं. उद्घाटनें होतात, फिती कापल्या जातात, गर्दीहि होते. आणि वीस वर्षांनीं एक दिवस भिंतीला ओल येते. स्मिथ्सोनियनची ‘कला व उद्योग’ नांवाची जुनी इमारत छपराच्या दुर्दशेमुळें २००४ सालीं बंद करावी लागली. २००७ सालीं अमेरिकन सरकारच्या हिशेबतपासणी खात्यानें जो अहवाल दिला त्यांत २००५ ते २०१३ या काळांतील इमारतींच्या कामांचा अंदाज २५० कोटि डॉलरांवर गेलेला दिसतो. आणि त्याच २०१३ सालीं सरसकट कपातीच्या कायद्यानें संस्थेचे ४ कोटि २० लाख डॉलर एका फटक्यांत कमी झाले! ऑक्टोबर २०२५ मध्यें तर काँग्रेसमध्यें अंदाजपत्रकच मंजूर न झाल्यामुळें १२ तारखेपासून सर्व संग्रहालयांना टाळीं लागलीं, तीं नोव्हेंबरपर्यंत. कपात करणारा व कपातीचें फळ भोगणारा हे एका पिढीचे नसतात. म्हणून कपात नेहमींच सोपी असते.

सरकारचा पैसा असा बेभरंवशाचा, तर धनिकांचा घ्यावा, असें सुचविणारेहि आहेत. धनिकांच्या औदार्याविषयीं आम्हांला आदर आहे. स्मिथ्सन स्वतः दाताच होता. परंतु त्यानें उद्देश सांगितला व पुढें बोलायला तो उरला नाहीं. जिवंत दात्यांची गोष्ट निराळी असते. २००१ सालीं एका प्रतिष्ठानानें अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाला ३ कोटि ८० लाख डॉलर देऊं केले. मोठीं कामगिरी करणाऱ्या व्यक्तींचें दालन त्यांतून व्हावयाचें होतें. दालनांत कोणाला बसवावयाचें यावर दात्याचें मत चालावें कीं अभिरक्षकांचें, हा वाद विकोपास गेला आणि २००२ सालीं देणगीचा बहुतेक भाग परत घेतला गेला. तात्पर्य, हुकूम सरकारचाच असतो असें नाहीं. ज्याच्या हातीं थैली, त्याला तो सुचतोच. त्याला आवर घालणारा नियम मात्र दोघांनाहि सारखाच लागू झाला पाहिजे.

आणि देखरेख म्हणजे केवळ पैशाची मोजदाद, असेंहि कोणीं समजूं नये. संग्रहालयाचें खरें मुद्दल वस्तु हें आहे. १७५३ सालीं स्थापन झालेल्या ब्रिटिश म्यूझियमचें उदाहरण ताजें आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें तेथील सुमारें दोन हजार वस्तु चोरीस गेल्याचें, नाहींशा झाल्याचें किंवा खराब झाल्याचें उघड झालें. त्यांत अशा पुष्कळ होत्या कीं ज्यांची धड नोंदच नव्हती. २०२१ सालींच बाहेरच्या एका जाणकारानें इशारा दिला होता. त्याची बोळवण करण्यांत आली. अखेर संचालकांना जावें लागलें, आणि चोवीस लाख नोंदी पुऱ्या करण्याचें पांच वर्षांचें काम व त्यासाठीं एक कोटि पौंडांचा अंदाज जाहीर करावा लागला. सूचीचें काम ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ म्हणून ज्यांनीं ज्यांनीं टाळलें, त्या सर्वांनीं मिळून चोराला किल्ली करून दिली, असेंच म्हणावें लागतें.

परदेशाच्या गोष्टी ऐकून ‘आपलें बरें आहे’ असें समाधान मानणाऱ्यांसाठीं घरचीहि गोष्ट सांगणें प्राप्त आहे. भारताच्या महालेखापरीक्षकांनीं २०१३ सालच्या अहवालांत १,६५५ संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली असतां ९२ स्मारकें जागेवर सांपडलीं नाहींत असें नमूद केलें. त्याच अहवालांत संग्रहालयांच्या नोंदी व पडताळणी यांतील उणीवांवरहि बोट ठेविलें. २०१३ च्या अखेरीस कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्यें, दोनशेंव्या वर्षाच्या उत्सवासाठीं दालनांची घाईनें सुधारणा चालली असतां, रामपूर्वा येथील अशोककालीन सिंहशीर्ष हलवितांना भंगलें. बावीसशें वर्षें जें टिकलें, तें उत्सवाच्या तारखेपुढें टिकलें नाहीं! आपल्या सरकारी पद्धतींत मूळ अंदाज, मग वर्षाच्या उत्तरार्धांत सुधारलेला अंदाज, आणि शेवटीं प्रत्यक्ष खर्च, अशा तीन पायऱ्या असतात. सुधारलेल्या अंदाजांत रक्कम घटली तर त्याचें कारण, व त्यामुळें कोणतें काम थांबलें, हें सामान्य वाचकाला कोठेंहि एका ठिकाणीं वाचावयास मिळत नाहीं. उरलेली रक्कम मार्चपूर्वीं संपविण्याची घाई मात्र सर्वांना ठाऊक आहे. आमच्या पहारेकऱ्याचे दिवे त्याच घाईंत आले होते.

आणि तरीहि आपल्याला ही विद्या परकी नाहीं. कीर्द-खतावणी, रुमालांत बांधलेलीं दप्तरें, पै-पैचा जमाखर्च हें सारें ज्या मुलखानें केलें, तो हाच. देवस्थानाच्या नेमणुकीचा हिशेब फडावर तपासला जाई. पण गाभाऱ्यांत मंत्र कोणता म्हणावा हें फडावरून कळवीत नसत. पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधीचाच एक भाग वळवून १८२१ सालीं पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. म्हणजे विद्येच्या पैशाचा विनियोग बदलणेंहि आपल्याला नवें नाहीं. मुंबईंत भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार २००३ ते २००८ या काळांत महानगरपालिका, एक वारसासंस्था व एक खासगी प्रतिष्ठान यांनीं लेखी करार करून पार पाडला. कोणीं काय द्यावयाचें व कोणीं काय करावयाचें हें आधीं ठरलें, आणि पैशाला पांच वर्षांची निश्चिति मिळाली, म्हणजे काम होतें याचें हें मुंबईंतलेंच उदाहरण आहे.

आमच्यावर एक आक्षेप येईल, व तो हलका नाहीं. “विद्वान चुकत नाहींत काय? त्यांचेहि पूर्वग्रह असतात. मग लोकांच्या पैशावर त्यांनीं लोकांना वाटेल तें ऐकवावें काय?” विद्वान चुकतात, आणि पुष्कळदां गर्वानें चुकतात, पस्तीस वर्षें त्यांच्यांत वावरून आम्हांला याविषयीं शंका उरलेली नाहीं. परंतु चुकलेलें वाक्य दुरुस्त करण्याचा उपाय पुरावा हा आहे, अनुदान हा नाहीं. टीका करावी, लेख लिहावे, विरुद्ध पुरावा मांडावा, विश्वस्त मंडळावर भिन्न मतांचीं जाणतीं माणसें नेमावीं. पुराव्यानें दुरुस्त झालेलें वाक्य पूर्वींपेक्षां खरें होतें. पैशानें दुरुस्त झालेलें वाक्य फक्त पुढचें सरकार येईपर्यंत टिकतें. शिवाय हुकुमाचें शस्त्र आज ज्याच्या हातीं आहे त्याच्याच हातीं तें उद्यां राहील, असा भरंवसा कोणीं दिला आहे? आज ज्यांना हा हुकूम गोड लागतो त्यांनीं आपल्या विरोधकांच्या हातीं तीच लेखणी कल्पून पाहावी. म्हणजे तत्त्व आपोआप ध्यानांत येईल.

म्हणून आमचें म्हणणें तीन कलमांत सांगतों. पहिलें: पैसा व वस्तु यांविषयीं कोणताहि प्रश्न विचारण्याचा लोकांना व लोकप्रतिनिधींना पूर्ण अधिकार असावा, हिशेबतपासनिसाला विश्वस्तांपर्यंत सरळ वाट असावी, आणि वस्तूंची पडताळणी ठराविक मुदतीनें होऊन तिचा निकाल छापला जावा. दुसरें: दुरुस्ती, सूची व जपणूक यांचें अनुदान निदान पांच वर्षांसाठीं बांधलेलें असावें, त्यांत मध्येंच कपात करावयाची तर कपातीबरोबर थांबणाऱ्या कामांची यादीहि प्रसिद्ध करावी, म्हणजे कात्री चालविणाऱ्याचें नांव त्या ओल आलेल्या भिंतीवर राहील. तिसरें: फलकावरील मजकुराविषयीं कोणतीहि अट, सरकारी असो वा खासगी, अनुदानाला किंवा देणगीला जोडतां येऊं नये, जोडली तर तो पैसा नाकारण्याचें धैर्य विश्वस्तांनीं दाखवावें. पहिलें कलम विद्वानांना बोंचेल, दुसरें सरकारला, तिसरें दात्यांना. तिघांनाहि थोडें थोडें बोंचतें यावरून कलमें वाजवी असावींत, अशी आमची समजूत आहे.

राहिला प्रश्न आपला, म्हणजे जे सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन संग्रहालयांत जातात त्या कुटुंबांचा. पुढच्या वेळीं गेलों असतां मुलांना मूर्ति दाखवाव्या, नाणीं दाखवावीं, आणि बाहेर पडतांना कचेरींत जाऊन वार्षिक अहवाल मागावा. सुधारलेल्या अंदाजांत किती घटलें, किती जागा रिकाम्या आहेत, शेवटची पडताळणी केव्हां झाली, एवढे तीनच प्रश्न विचारावे. अहवाल मिळाला नाहीं तर तें आपल्या आमदार-खासदारांना कळवावें. बंद दालनाच्या पाटीपुढून मुकाट्यानें परत फिरणारे आम्हीहि होतों. त्या दिवशीं आम्हीं पहारेकऱ्याला विचारलें. विचारायला हवें होतें त्याच्या वरच्यांना. ती चूक आम्हीं एकदां केली आहे. वाचकांनीं ती करूं नये.